जुलैत वारा कुठल्या बाजूने येतो?

प्रश्न : ताई, मालदीव, सेशेल्स की मॉरिशस, हे महिनाभर ठरत नाहीये. जुलैचा शेवटचा आठवडा धरून आठ दिवस मिळताहेत. सासूबाई 71 वर्षांच्या, गुडघे दुखतात. मुलं 6 आणि 11 वर्षांची. ह्यांना समुद्राखालचं जग बघायचंय, मला नुसतं पडून राहायचंय. दोन देश एकत्र करावेत का?

उत्तर : दोन देशांचा विचार आधी सोडा. नकाशावर ही बेटं शेजारी-शेजारी दिसतात, पण मालदीव विषुववृत्ताला चिकटून आणि मॉरिशस पार 20 अंश दक्षिणेला. आठांतले दोन-तीन दिवस विमानतळावर आणि बॅगा भरण्यात जातील.

आता वारा. बेट निवडताना सगळे फोटो बघतात, आणि फोटोत वारा दिसत नाही.

जुलैत मालदीवला नैऋत्य मोसमी वारे असतात. दिवसभर पाऊसच पडतो असं नाही, पण समुद्र अस्वस्थ असतो. शिवाय तिथे विमानातून उतरलं की प्रवास संपत नाही. पुढे स्पीडबोट, नाहीतर सीप्लेन. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. हे मला माहीत होतं, तरी तिकीट बरं मिळालं म्हणून मी संध्याकाळी उतरणारं विमान घेतलं. ती रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर काढली आणि रिसॉर्टच्या न वापरलेल्या खोलीचे पैसे भरले ते वेगळेच. परतताना स्पीडबोट होती. लाटांवर बोट वर-खाली होत असताना धक्क्यावरून तिच्यात पाय टाकणं माझ्या धडधाकट गुडघ्यांनाही जड गेलं. सासूबाईंना मी ते करायला लावणार नाही.

तुम्ही दोघंच जाणार असता तर मात्र मी उलट सांगितलं असतं. मालदीवच्या बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनिफारू उपसागरात साधारण जून ते नोव्हेंबर मांटा माशांचे थवे येतात, ते पावसाळी वाऱ्यांबरोबर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गोळा होतं म्हणूनच. तिथे हवेची टाकी लावून डायव्हिंगला बंदी आहे. स्नॉर्कल, म्हणजे श्वासाची नळी, लावून वरूनच बघायचं. ह्यांना ते पुढच्या खेपेला द्या.

सेशेल्स जुलैत कोरडं असतं, पण आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात. माहे या तिथल्या मुख्य बेटाहून प्रालँ बेटाला जाणारी बोट तासाभराची. त्या तासात माझ्या शेजारच्या तिघांनी कागदी पिशव्या मागून घेतल्या, चौथी मी. वाऱ्याच्या तोंडावरच्या किनाऱ्यांवर समुद्री शेवाळाचे ढीग लागतात ते निराळेच. तिथे एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जावं, वारे बदलताना समुद्र निवलेला असतो.

म्हणून तुमच्यासाठी मॉरिशस. तिथे जुलै म्हणजे हिवाळा, चक्रीवादळांचा मोसम केव्हाच संपलेला. आग्नेय वारे तिथेही आहेत, पण मधल्या डोंगरांमुळे पश्चिम किनारा आडोशाला राहतो. फ्लिक-आँ-फ्लाक किंवा त्याच बाजूचं काहीतरी घ्या आणि आठही दिवस एकाच खोलीत राहा. पूर्व किनाऱ्यावरचं देखणं हॉटेल जुलैत आश्चर्यकारक सवलतीत दिसलं, तर सवलत का आहे ते आता तुम्हाला माहीत आहे. बाहेर पसरलेल्या प्रवाळामुळे किनाऱ्याशी पाणी उथळ आणि शांत असतं, धाकट्याला ते पुरे. पाणी थोडं गार लागेल, दुपारीच उतरा. सगळीकडे मोटारीने जाता येतं, पांप्लेमूसच्या बागेतले रस्तेही सपाट आहेत. मधल्या पठारावर क्युरपीपला जाणार असाल तर सासूबाईंची शाल विसरू नका. आणि पैसे भरण्याआधी हॉटेलला एकच विचारा : खोलीपासून वाळूपर्यंत पायऱ्या किती? 'जवळच आहे' हे उत्तर धरू नका, आकडा मागा.

प्रश्न : मला पोहता येत नाही. स्नॉर्कलिंग करावं का?

उत्तर : करा, पण लाइफ जॅकेट घालून, कंबरभर पाण्यात आणि कुणाला तरी शेजारी उभं करून. मुखवटा विकत घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशा असतील तर पाणी झिरपतं, आमच्याकडे यावर दोन दिवस वाद झाला आणि शेवटी मिशा गेल्या. प्रवाळावर उभं राहू नका, ते जिवंत असतं. पाण्यात चालताना जाड तळव्याचे बूट हवेतच, कारण दगडासारखा दिसणारा स्टोनफिश तळाशी पडून असतो आणि त्याच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं. काटा लागलाच तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

प्रश्न : परतीचं विमान संध्याकाळचं आहे. त्या दिवशी सकाळी एक डाइव्ह बसेल का?

उत्तर : नाही. एकच डाइव्ह केली तरी विमानात बसण्याआधी किमान 12 तास जाऊ द्यायचे, जास्त केल्या तर 18. रक्तात विरघळलेला नायट्रोजन अजून बाहेर पडलेला नसतो आणि विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होतात. त्या सकाळी वाळूतच बसा.