मालक वायरिंगला हात लावू देत नाही. आग लागली तर जबाबदार कोण?

ताई,

गिरगावातल्या लाकडी जिन्याच्या जुन्या इमारतीत तुम्ही पागडीवर राहता, भाडं महिना ३२० रुपये. जिन्याखालच्या मीटरबोर्डावर ठिणग्या उडाल्या, वायरमन म्हणतो मीटरपासून खोलीपर्यंतची लाइन बदला, आणि मालक बजावतो, ‘हात लावलात तर खोली खाली करायला लावीन.’ तुमची भीती रास्त आहे. मालकाच्या धमकीत मात्र दम नाही.

ठिणग्यांची तक्रार आजच बेस्टकडे, म्हणजे तुमच्या भागात वीज पुरवणाऱ्या उपक्रमाकडे, लेखी करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. मीटर आणि त्याआधीचा कटआउट (मुख्य फ्यूज) बेस्टचा असतो. त्याचं सील तुमच्या वायरमनला तोडू देऊ नका.

आता धमकीचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर जागा जाऊ शकते. जुनी तार काढून नवी टाकणं हे पक्कं बांधकाम नव्हे. एसी बसवणंसुद्धा त्यात धरू नये, असं कायद्यातच म्हटलं आहे. पण जागेचं नुकसान केल्याचा आरोप होऊ शकतो. म्हणून तुळईला भोकं पाडू नका, भिंतीत झिरी मारू नका. तार पीव्हीसी पट्टीतून वरूनच न्या. रागाच्या भरात मालकाने वीज तोडलीच, तर कलम २९ खाली लघुवाद न्यायालयाकडून ती पुन्हा सुरू करून घेता येते.

दुरुस्ती ही मुळात मालकाचीच जबाबदारी आहे (कलम १४), भाडेकरारात वेगळं ठरलं नसेल तर. तेव्हा करार आधी वाचा. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत काही केलं नाही, तर काम तुम्ही करून खर्च भाड्यातून वळता करू शकता. पण मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची, म्हणजे तुमच्या बाबतीत ९६० रुपये! एवढ्यात धड एक बंडल वायरही येत नाही. तरीही नोटीस द्याच, नोंदणीसह स्पीड पोस्टाने. उद्या काही घडलं, तर ‘मला कुणी सांगितलंच नाही’ असं मालकाला म्हणता येणार नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला वायरमनची वाटते. कापडी वेष्टणाच्या जुन्या तारेला नवी तार नुसती पिळून जोडायची, किटकॅटच्या (जुन्या चिनीमातीच्या फ्यूजच्या) जागी ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा स्विच) लावायचा आणि पुढे तार तीच दीड एमएमची ठेवायची, हे सर्रास चालतं. असा एमसीबी तारेचं वेष्टण तापून वितळलं तरी पडेलच असं नाही, आणि खाली सगळं वाळलेलं सागवान. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार असं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचं असतं. बिनपरवान्याच्या माणसाकडून करून घेतलंत आणि आग लागली, तर निष्काळजीपणाचं बोट तुमच्याकडेही वळेल. भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आगीबाबतच्या निष्काळजीपणाला लागतं. कुणाचा जीव गेला तर कलम १०६, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

ठेकेदाराच्या परवान्याची प्रत, बिल आणि त्याचा चाचणी अहवाल मागून घ्या. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो काढा. जिना सगळ्यांचाच आहे, तेव्हा नोटिशीवर शेजाऱ्यांच्याही सह्या घ्या. कलम १४ मध्ये एकत्र नोटिशीची सोय आहे, आणि एकट्या भाडेकरूला दटावणारा मालक आठ-दहा सह्या पाहून बोलायला बसतो.