सुरवंटाच्या पाठीवरचे पांढरे दाणे खरडू नका

पावसाळ्यात इंदुरात गच्चीवरच्या लिंबावर, कढीपत्त्यावर सुरवंट दिसतीलच. एखाद्याच्या पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे कोष चिकटलेले असले, तर ती अंडी समजून खरडू नका. फवारणी तर मुळीच नको. आधी भिंगातून नीट बघा. ब्रॅकोनिड कुळातल्या, जेमतेम ३ मिलिमीटरच्या गांधीलमाशीचं ते काम. ती सुरवंटाच्या अंगात अंडी घालते आणि सोबत एक विषाणूही टोचते. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच: तो विषाणू तिच्याच जनुकांत पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला असतो आणि सुरवंटाची प्रतिकारशक्ती लुळी पाडतो. नाहीतर त्याच्या रक्तपेशींनी अंड्यांना वेढून मारलं असतं. आतल्या अळ्या रक्तरसावर वाढतात, नाजूक अवयव बहुधा शाबूत ठेवतात. यजमान लवकर मेला तर त्याही मरतील ना! मग कातडीला भोकं पाडून बाहेर येतात आणि कोष विणतात. सुरवंट तेव्हाही बहुधा जिवंत असतो, पण खाणं सुटलेलं. त्याचं फुलपाखरू काही होत नाही.

असं पान सुरवंटासकट बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा. माश्या निघाल्या की त्याच झाडावर सोडा.