अवयव न सापडलेली संयुक्त संख्या

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा प्रोग्रॅम, दोन्ही नीट वाचलं. अवयव हाती नसताना एखादी संख्या संयुक्त आहे असं म्हणायचं तरी कशाच्या जोरावर, हा तुझा प्रश्न फार आवडला. माझ्या मते मोठ्या संख्यांचा अभ्यास खऱ्या अर्थाने इथूनच सुरू होतो.

तू घेतलेल्या शंभर अंकी संख्येचं वर्गमूळ ५० अंकी. तिथवर एकेक विभाजक लावून बघणं कोणत्याच यंत्राच्या आवाक्यातलं नाही. तो प्रोग्रॅम बंद कर आणि आधी एक लहान संख्या घे: २ चा ३२वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. ही मूळ संख्या असावी असं फ्रेंच गणिती फर्माला वाटत होतं. १७३२ मध्ये गणिती ऑयलरने तिला ६४१ ने नि:शेष भाग जातो हे दाखवलं. दुसरा अवयव ६७,००,४१७.

पण ६४१ आपल्याला ठाऊकच नाही असं धर. ३ चा वर्ग कर, उत्तराला या संख्येने भागून बाकी ठेव, त्या बाकीचा पुन्हा वर्ग कर. असं ३१ वेळा. पहिल्या चार बाक्या ९, ८१, ६,५६१ आणि ४,३०,४६,७२१ अशा ओळखीच्या येतात. पाचव्या पायरीपासून सगळं विस्कटतं. संख्या मूळ असेल तर शेवटची बाकी तिच्याहून बरोबर १ ने कमी यायलाच हवी. ही फ्रेंच गणिती पेपँची अशा घडणीच्या संख्यांसाठीची १८७७ सालची कसोटी. प्रत्यक्षात बाकी येते १,०३,२४,३०३. झालं, संख्या संयुक्त! या सिद्धतेत कुठेही फट नाही, आणि ६४१ चा मात्र त्यात मागमूसही नाही. प्रत्येक पायरीची बाकी छापून बघ, घाई करू नकोस.

मग हेच २ घेऊन करून बघ. पाचव्या वर्गाला बाकी येते संख्येहून १ ने कमी, सहाव्याला १, आणि पुढे कितीही वर्ग केले तरी १च. फर्माची नेहमीची कसोटी अशी: एखादी संख्या पाया म्हणून घ्यायची, तपासायच्या संख्येहून १ ने कमी इतका तिचा घात काढायचा आणि भागून बाकी १ येते का बघायचं. म्हणजे २ पाया धरून ती लावली तर ही संयुक्त संख्या खुशाल पार होते. तिची घडणच २ च्या घातांची आहे, म्हणून २ तिच्याबद्दल काही सांगू शकत नाही.

घडणीचा दुसरा उपयोग अवयव शोधताना होतो. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीहून १ ने जास्त असावाच लागतो. त्यामुळे तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच प्रयत्नात काम फत्ते. भागायला बसण्यापूर्वी विभाजकाचं रूप कसं असू शकेल हे विचारायची सवय लाव. बाकी सगळी हुशारी त्यानंतरची.

पण ही युक्ती नेहमी पुरत नाही. २ चा १,६७,७७,२१६वा घात अधिक १ ही त्याच कुळातली (३२ सारखाच हा घातांकही २ चाच घात) संख्या ५०,५०,४४६ अंकी आहे. १९९९ मध्ये ३ चे असेच वर्ग करत करत ती संयुक्त ठरली. तिचे विभाजक ६,७१,०८,८६४ च्या पटीहून १ ने जास्त असणार हेही ठाऊक आहे. तरी तिचा एकही अवयव अजून कोणाला मिळालेला नाही.

आता तुझी संख्या. ३ चा तिच्याहून १ ने कमी इतका घात काढ आणि बाकी बघ. साधारण ३३२ वर्ग आणि अधूनमधून ३ ने गुणाकार, एवढंच काम. यंत्राला क्षणभरही लागणार नाही. बाकी १ सोडून काहीही आली तर संख्या नक्की संयुक्त. १ आलीच तर ती मूळ आहे असं लगेच धरू नकोस: ५६१ म्हणजे ३ × ११ × १७, पण या तीन अवयवांना टाळून कोणताही पाया घेतलास तरी ती ही कसोटी पार करते. ५, ७, ११ घेऊनही तपास आणि आलेल्या बाक्या मला कळव.