बंद केलेले पदार्थ पुन्हा सुरू करायचे तर

तुमच्या लिहिण्यातून मला समजलं ते असं: आठ महिने दूध, गहू, कांदा, लसूण आणि कडधान्यं बंद आहेत आणि पोट बरंच शांत आहे. मध्ये एकदा हिंमत करून पिझ्झा खाल्लात, तर दोन दिवस पोट फुगलं, कळा आल्या, जुलाब झाले. आयजीजी तपासणीच्या (अन्नाविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी रक्ततपासणी) रिपोर्टमध्ये अंडं आणि केळंही लाल रंगात होतं, म्हणून तेही सोडलंत. आता काहीच परत घ्यायचा धीर होत नाही आणि हे पथ्य जन्मभराचं का, असा प्रश्न पडलाय.

बहुधा नाही. मी डॉक्टर नाही, पण असंच पथ्य पाळून, ते हळूहळू सोडून, आज बऱ्यापैकी सगळं खाते. या प्रवासात लोक अडकतात ते एकाच जागी: पदार्थ चालतो की नाही, एवढंच बघतात. पण जे मानवत नाही ते बहुतेकदा ठरावीक प्रमाणाच्या पुढे मानवत नसतं. ते प्रमाण शोधायचं.

हा हिशोब ॲलर्जीला लागू नाही. कुठल्याही पदार्थाने कधी अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ किंवा घसा सुजला असेल, श्वास लागला असेल, तर तो पदार्थ घरी चाखूनही बघायचा नाही. त्याची चाचणी ॲलर्जीतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच होते.

दुसरं, गहू सोडण्याआधी सिलिअॅक आजाराची (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) रक्ततपासणी केली होती का? तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारते. ही तपासणी ग्लूटेनमुळे शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची असते. गहू काही महिने बंद असला की ती कमी होतात आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. म्हणून तपासणीआधी काही आठवडे रोज गहू खायला सांगतात. तपासणी झाली नसेल तर गव्हाची सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा. सिलिअॅक निघाला तर 'थोडं चालेल' हा प्रकारच उरत नाही. वजन विनाकारण उतरणं, शौचावाटे रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, लोहाची कमतरता, यांपैकी काही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

आता तो आयजीजीचा रिपोर्ट. माझं स्पष्ट मत आहे की तो फाईलमध्ये ठेवून विसरून जावा. अन्नाविरुद्धचं आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे याची शरीराने घेतलेली नोंद. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलंय की या तपासणीवरून अन्न मानवतं की नाही हे ठरवू नये. अंडं आणि केळं तुम्ही रिपोर्ट हाती येईपर्यंत विनातक्रार खात होतात, म्हणून पहिली तीच परत आणा. त्यात पोषण आहे, आणि ताटात काहीतरी परत येतंय हे बघून मनालाही उभारी मिळते.

पिझ्झाचं बघू. तुम्ही दोष चीजला दिलाय. पण चीज करताना बरंचसं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पाण्याबरोबर निघून जातं, मुरलेल्या चीजमध्ये तर ते जवळजवळ उरत नाही. त्याच पिझ्झात गव्हाचा जाड थर होता, सॉसमध्ये कांदा-लसूण होता, वर बहुधा मशरूमही. एका बैठकीत चार परीक्षा, त्याही मोठ्या सुट्टीनंतर. या निकालावरून काहीच ठरत नाही.

गहू, कांदा आणि लसूण एकाच वेळी बाधतात तेव्हा संशय फ्रुक्टानवर जातो. ही एक प्रकारची साखळीदार साखर आहे. ती पचवणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतंच, कोणाच्याच. ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जीवाणू ती आंबवतात, वायू तयार होतो. ज्यांचं आतडं हळवं असतं त्यांना त्याच वायूने कळा येतात. कडधान्यांतल्या गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइडचं असंच. दुधातलं लॅक्टोज, मध आणि काही फळांतलं जास्तीचं फ्रुक्टोज, मशरूममधलं मॅनिटॉल, साखरविरहित च्युइंगममधलं सॉर्बिटॉल, ही बाकीची मंडळी. या सगळ्यांना मिळून फॉडमॅप म्हणतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये हा शब्द आणला. त्यांच्या पद्धतीत कडक पथ्य दोन ते सहा आठवड्यांचंच आहे, पुढे पदार्थ परत आणायचे. आठ महिने कडक पथ्यावर राहणं या पद्धतीत बसत नाही. या पथ्यात बायफिडो जातीचे उपयोगी जीवाणू कमी झाल्याचं दिसलेलं आहे, म्हणूनही ते लांबवू नये.

परत आणताना एका वेळी एक गट, आणि त्या गटातला असा पदार्थ ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. लॅक्टोजसाठी साधं दूध, फ्रुक्टोजसाठी मध. सफरचंद चाचणीसाठी वाईट, कारण त्यात फ्रुक्टोजही आहे आणि सॉर्बिटॉलही. तीन दिवस प्रमाण वाढवत न्यायचं: दूध असेल तर पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी पूर्ण. मग दोन-तीन दिवस ते थांबवायचं आणि पोट शांत झाल्यावर पुढचा गट घ्यायचा. या काळात बाकीचं जेवण अगदी आत्ता आहे तसंच ठेवायचं. इथेच बहुतेक जण घसरतात. दूध सोसलं की आनंदाने ते रोजच्या खाण्यात घेतात, त्यावर गहू सुरू करतात, आणि चौथ्या दिवशी पोट फुगलं की कोणामुळे ते कळत नाही. दूध पास झालं तरी सगळ्या चाचण्या संपेपर्यंत ते बाहेरच ठेवा.

वेळेचंही भान ठेवा. दुधाचा त्रास साधारण काही तासांत समजतो. फ्रुक्टान मोठ्या आतड्यात पोचायलाच वेळ लागतो, त्यामुळे आज दुपारी खाल्लेल्याचा गुबारा रात्री किंवा उद्या सकाळी येऊ शकतो. शेवटच्या घासाला दोषी धरायची आपल्याला सवय असते, ती मोडावी लागते. वहीत पदार्थ, प्रमाण, वेळ आणि त्रास शून्य ते दहा असा लिहा. झोप कशी झाली, पाळी, कामाचा ताण, कॉफी हेही लिहा. ज्या आठवड्यात पोटाचा संसर्ग झाला, अँटिबायोटिक सुरू झालं किंवा पाळीच्या आधी तसंही पोट बिघडतं, तो आठवडा चाचणीसाठी धरूच नका.

भीतीबद्दल जरा लांबून बोलते. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिलिअॅक नसलेल्या, पण ग्लूटेन बाधतं म्हणून ते सोडलेल्या ५९ जणांना आळीपाळीने तीन प्रकारचे बार आठवडाभर खायला दिले: एकात ग्लूटेन, एकात फ्रुक्टान, एकात दोन्ही नाही. कोणता कुठला हे त्यांना माहीत नव्हतं. सर्वाधिक त्रास २४ जणांना फ्रुक्टानने झाला, १३ जणांना ग्लूटेनने, आणि २२ जणांना ज्यात काहीच नव्हतं त्या बारने. त्या २२ जणांची कळ खोटी होती असं मी म्हणणार नाही. आतडं आणि मेंदू सतत एकमेकांशी बोलत असतात, आणि त्रास होणार अशी धास्ती घेऊन जेवायला बसलं की पोट खरंच आवळतं. म्हणून चाचणीचा दिवस निवांत निवडा. शक्य असेल तर घरच्या कुणाला साधं आणि लॅक्टोजमुक्त दूध वेगवेगळ्या दिवशी, न सांगता द्यायला सांगा. लॅक्टोजमुक्त दूध किंचित गोड लागतं, त्यामुळे दोन्ही वेळा कोको घालून द्या. लॅक्टोजमुक्त दुधानेही तितकाच त्रास झाला तर दोष लॅक्टोजचा नाही, इतकं तरी कळेल. जेवणाच्या विचारानेच छाती धडधडत असेल, वजन घटत असेल, तर मात्र एकट्याने करू नका, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक दोघांची मदत घ्या.

तुमच्या जागी मी चाचण्यांची सुरुवात दुधापासून करेन. एका कपात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि लॅक्टोज नीट न पचणाऱ्या बऱ्याच जणांना एवढं एका वेळी सोसतं, जेवणाबरोबर घेतलं तर जास्तच. अर्ध्या कपाला त्रास झाला तर 'दूध बंद' असं लिहू नका, 'पाव कप ठीक, अर्धा नाही' असं लिहा. रोज थोडं घेत राहिल्याने मोठ्या आतड्यातले जीवाणूही लॅक्टोजला सरावतात. दह्याने तर अनेकदा काहीच होत नाही, कारण त्यातले जीवाणू स्वतःच लॅक्टोज पचवायला मदत करतात.

मग कडधान्यं: भिजवून, ते पाणी ओतून टाकून, नव्या पाण्यात मऊ शिजवलेली, पाव वाटीपासून. त्यानंतर, सिलिअॅकची तपासणी होऊन त्यात काही निघालं नसेल तर, गव्हाचा ब्रेड, एका स्लाइसपासून.

सगळं पास झाल्यावरही एक गोष्ट राहते. प्रमाणं एकमेकांत मिळतात. एक स्लाइस चालतो, पाव वाटी कडधान्य चालतं, पण दोन्ही एकाच जेवणात घेतली तर कदाचित नाही. हे ताटात हळूहळू जुळवत जायचं असतं, त्याला महिने लागतात. आणि जे आत्ता नापास झालं ते तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघायचं, कारण आतड्याचा हळवेपणा कायम तेवढाच राहत नाही.

कांदा आणि लसूण शेवटी, आणि वेगवेगळे. दोन्हींत फ्रुक्टान भरपूर असल्याने अगदी पाव पाकळीपासून सुरू करा. लसूण सोसलाच नाही तरी त्याची चव सोडावी लागत नाही. फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. सोललेल्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकायच्या आणि त्याच तेलात स्वयंपाक करायचा. हे तेल मात्र त्या-त्या वेळेपुरतंच करा. लसूण घातलेलं घरगुती तेल ओट्यावर ठेवून दिलं तर त्यात बोटुलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात.