स्टॉकहोममध्ये एकच दिवस असेल, तर दगदग न करता काय पाहावं?

जूनमधला एक दिवस, सोबत साठी ओलांडलेले आईवडील आणि फार चालवत नाही, एवढं तुम्ही प्रश्नात सांगितलंय. माझं म्हणणं असं, की तीनच जागा धरा आणि मधलं एक अंतर तरी बोटीने कापा. स्टॉकहोम १४ बेटांवर वसलंय आणि मेलारेन सरोवराचं गोडं पाणी भर शहरात बाल्टिक समुद्राला मिळतं. ती गंमत बोटीत बसल्याशिवाय कळत नाही.

तारीख मात्र आधी तपासा. १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणारा शुक्रवार म्हणजे मिडसमर या स्वीडिश उन्हाळी सणाची पूर्वसंध्या. त्या दिवशी सगळे गावाकडे जातात, बरीच दुकानं आणि उपाहारगृहं बंद असतात.

एसएल, म्हणजे इथली सार्वजनिक वाहतूक सेवा, तिचं साधं तिकीट ७५ मिनिटं चालतं. ट्राम, मेट्रो आणि ८२ नंबरची बोट, सगळ्यांना तेच. तिघांची तिकिटं ॲपमध्ये घेऊन ठेवा, पण गाडीत चढायच्या आधीच सुरू करा. पर्यटकांच्या 'चढा-उतरा' बोटींना हे तिकीट चालत नाही, धक्क्यावर नेमकी तिथेच गफलत होते. रोख रक्कम बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत. सार्वजनिक शौचालयालाही अनेकदा कार्ड लागतं, म्हणून संग्रहालयातून निघताना तिथलंच वापरून घ्या. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं.

सकाळी ७ नंबरच्या ट्रामने यूरगोर्डेन बेटावर जा आणि वासा संग्रहालय उघडताच आत शिरा, कारण दुपारी गर्दी होते. दिवसाचे दोन तास इथेच द्या. इथे ठेवलेलं 'वासा' हे ६९ मीटर लांबीचं युद्धजहाज १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीत जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडालं. वरचा भार जास्त, खालचा भाग अरुंद. वाऱ्याच्या झोताने ते कललं आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत घुसलं. १९६१ ला ते वर काढलं, तेव्हा ३३३ वर्षांनीही लाकूड शाबूत होतं, कारण लाकूड पोखरणारा जहाजकिडा बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात जगत नाही. आधी लिफ्टने वर जाऊन मागच्या बाजूचं कोरीवकाम पाहा, मग एकेक मजला उतरत तळाशी या. खिडक्यांच्या झडपांच्या आतल्या बाजूला कोरलेले सिंहाचे चेहरे चुकवू नका. लाकडासाठी आतली हवा थंडसर ठेवलेली असते, आईवडिलांना स्वेटर हवाच.

जवळच स्कान्सेन हे खुलं संग्रहालय आहे, पण त्याला अर्धा दिवस लागतो आणि चढ आहे. या खेपेला सोडा.

जेवण संग्रहालयातच उरकून ८२ नंबरच्या बोटीने स्लुसेनला या. दहा मिनिटांचाच प्रवास, पण बाहेर उभं राहिलात तर वारा झोंबतो. तिथून गामला स्तान, म्हणजे जुनं शहर. वेस्टरलाँगगातानवर सगळी आठवण-वस्तूंची दुकानं आणि गर्दी. त्याला समांतर असलेली प्रेस्टगातान धरा, शांत आहे आणि स्तूरतोरियेत या जुन्या चौकाजवळ नेते. खालची फरसबंदी गोट्यांची आहे, पाऊस पडला की निसरडी होते. सपाट, पकड असलेले बूट घाला, चपला नकोत. मोर्टेन त्रोत्सिग ही बोळ तर जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद, ३६ पायऱ्यांची. गुडघे दुखत असतील तर खालूनच पाहा.

मग फीका, म्हणजे कॉफी आणि सोबत काहीतरी गोड. कानेलबुल्ले मागवा: दालचिनीचा पाव, पिठात भरडलेली वेलची, वरून जाडी साखर. वेलचीचा वास आईला लगेच ओळखीचा वाटेल. मात्र त्यावर बहुधा अंड्याचा हात फिरवलेला असतो, अंडं चालत नसेल तर विचारून घ्या.

संध्याकाळी मेट्रोने मारियातोरियेतला उतरून मोंतेलियुसवेगन या पायवाटेवर जा. पाण्याच्या बाजूने चढ उभा आहे, स्टेशनकडून सोपं पडतं. समोर रिडारफियार्डेनचं पाणी आणि पलीकडे नगरभवनाचा १०६ मीटरचा विटांचा मनोरा, माथ्यावर तीन सोनेरी मुकुट. नोबेलची मेजवानी १० डिसेंबरला तिथेच होते. बाक आहेत, निवांत बसा. फक्त सूर्यास्तासाठी थांबायचा बेत केलात तर रात्रीचं जेवण आधी उरका, जूनअखेरीस तो दहानंतर होतो.