तिन्हीसांजेला डोळे मिचकावणारा दिवा

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक. नातवाने टाकून दिलेल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर अंगणातला दिवा आपोआप लावायची खटपट केली. एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर), 10 किलोओहमचा रेझिस्टर, रिले (दिवा चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), सगळं जोडलं. आकृती सोबत पाठवतो. दिवसा दिवा बंद, रात्री चालू, हे व्यवस्थित होतं. पण तिन्हीसांजेला दहा-पंधरा मिनिटं दिवा सारखा लागतो-विझतो. समोरच्या वहिनींनी विचारलं, “काका, यंदा गणपती लवकर बसवले का?” प्रोग्रॅम तीनदा तपासला. सेन्सर खराब असेल का? शिवाय प्रोग्रॅममध्ये ‘ऑन’ लिहिलं की दिवा विझतो, ते का?
— एक वाचक, वाई

उत्तर : सर, सेन्सर ठणठणीत आहे. चूक तुमच्या आकृतीतच सापडली. एलडीआर तुम्ही दिव्याच्या बरोबर खाली, त्याच भिंतीवर बसवलाय. अंधार पडला, दिवा लागला, त्याचा उजेड सेन्सरवर पडला. सेन्सरला वाटलं उजाडलं, त्याने दिवा विझवला. परत अंधार. मध्यरात्री हा खेळ थांबतो, कारण तेव्हा दिव्याचा एकट्याचा उजेड उंबरठा (म्हणजे ज्या पातळीवर पाय ‘उजाडलं’ समजतो ती) ओलांडायला पुरत नाही. तिन्हीसांजेला आकाशात उरलेला उजेड त्याच्या मदतीला येतो, आणि दोघं मिळून ओलांडतात. मी हीच चूक जिन्यातल्या दिव्याला केली होती. दोन दिवस रिले बदलत बसलो. शेवटी बायको म्हणाली, “अहो, तो स्वतःलाच बघून दचकतोय.”

पण त्याआधी एक तातडीचं. आकृतीत एलडीआरचं वरचं टोक 5 व्होल्टला आहे. ते आजच काढा. भर उन्हात एलडीआरचा रोध हजारभर ओहमपर्यंत उतरतो. खाली तुमचा 10 किलोओहम, म्हणजे जिथून तार पायच्या पिनला जाते त्या मधल्या बिंदूवर साडेचार व्होल्टच्या आसपास येतात. भागाकार तुम्हीच करून बघा. पायच्या पिनला 3.3 व्होल्टच्या वर सोसत नाही. पायचा हा पाय अजून शाबूत असेल तर नशीब समजा. वरचं टोक 3.3 व्होल्टच्या पिनला लावा.

आता मुख्य दुरुस्ती. पायची पिन फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ ओळखते. किती उजेड आहे, हे तिला कळत नाही, कारण पायमध्ये अ‍ॅनालॉग इनपुटच नाही. त्यासाठी एमसीपी3008 नावाची चिप मध्ये घाला. तिलाही 3.3 व्होल्टच द्या, आणि पायच्या सेटिंगमध्ये एसपीआय (चिपशी बोलायची सोय) चालू करायला विसरू नका. मग उजेड 0 ते 1023 अशा आकड्यात मिळेल. तुमच्या जोडणीत जास्त उजेड म्हणजे मोठा आकडा.

उंबरठे दोन ठेवा. समजा 250 च्या खाली गेलं की दिवा लावायचा, पण विझवायचा मात्र 500 च्या वर गेल्यावरच. मधल्या पट्ट्यात जे चाललंय ते तसंच चालू द्यायचं. हे आकडे माझे, अंदाजाचे; तुमचे तुम्ही काढा. काळोख्या रात्री दिवा लावून आकडा लिहून घ्या. विझवण्याचा उंबरठा त्याच्या बराच वर हवा, कारण तिन्हीसांजेला त्यात आकाशाचा उजेड मिळणार आहे. सेन्सर दिव्यापासून दूर, आकाशाकडे तोंड करून, पाइपच्या तुकड्यात बसवलात तर हा आकडा आपोआप उतरेल. आणि निर्णय लगेच घेऊ नका: आकडा सलग एक मिनिट उंबरठ्यापलीकडे राहिला तरच रिले हलवा. नाहीतर वळवाच्या रात्री वीज चमकली की दिवा विझेल. पावसाळी दुपारी ढग दाटून आले आणि दिवा लागला, तर मात्र लागू द्या. अंधार खराच असतो तेव्हा.

‘ऑन’ म्हटल्यावर दिवा विझतो, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. बाजारातली बरीच रिले मॉड्यूलं पिन शून्यावर आली की चालू होतात. प्रोग्रॅममध्ये उलटं लिहा, संपलं.

खरं सांगू? एका दिव्यासाठी अख्खा पाय म्हणजे मुंगी मारायला तोफ. इलेक्ट्रिकच्या दुकानात तयार फोटोसेल स्विच मिळतो, तो निमूट हे काम करतो. शिवाय पाय मेमरी कार्डवर काही लिहीत असताना लाइट गेली तर ते कार्ड बिघडू शकतं, ही कटकट वेगळीच. स्वतः करण्यातच मजा असेल (तुमच्या अक्षरावरून तरी तसं दिसतं), तर पुढच्या वेळी रास्पबेरी पाय पिको घ्या. त्यात अ‍ॅनालॉग इनपुट आहे, जास्तीची चिप लागत नाही.

रिलेकडची 230 व्होल्टची बाजू मात्र वायरमनकडूनच करून घ्या, आणि रिले फेजच्या तारेत आहे ना, न्यूट्रलमध्ये नाही ना, हे त्याच्या समोर उभं राहून बघा. न्यूट्रल तुटला तर दिवा विझलेला दिसतो, पण होल्डरमध्ये वीज असतेच.