बेडका पिवळा-हिरवा झाला म्हणजे बॅक्टेरियल इन्फेक्शन, हे खरं का?

नाही. आमच्या भावोजींचंही हेच शास्त्र, म्हणून लिहायला बसले.

हिरवट रंग पांढऱ्या पेशींमधल्या मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइमचा. त्या पेशी व्हायरसच्या मागेही धावतातच. रंगावरून गोळी ठरवणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा.

मी म्हापशाला एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं टेबल सांभाळायचे तेव्हाची गोष्ट. चवथीला डिचोलीच्या घरी पंधरा-सोळा माणसं, बाहेर धो धो पाऊस, अर्धं घर खोकतंय. सासूबाईंना सडकून ताप भरला, वय 74. बेडका पिवळा दिसताच भावोजी छत्री घेऊन फार्मसीत गेले आणि अझिथ्रोमायसिन, म्हणजे बॅक्टेरियावरचं अँटिबायोटिक, घेऊन आले. आधी डॉक्टरांना दाखवूया म्हटलं, तर म्हणाले, "तू डॉक्टर आहेस का?" तुम्ही आहात का, हे ओठांपर्यंत आलं होतं. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि मी धाकटी सून.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाकातला स्वॅब घेतला आणि बेडका तपासायला सांगितला. डबीत आला नुसता फेस. स्लाइड पाहिली तर तोंडाच्या अस्तरातल्या एपिथेलियल पेशींची जत्रा, पस सेल्स (पुवातल्या पांढऱ्या पेशी) औषधालाही नाहीत. मायक्रोस्कोपच्या लो पॉवरखाली दहाच्या वर एपिथेलियल पेशी दिसल्या की ती थुंकी समजून सॅम्पल परत पाठवायचं असतं. इतरांची मी रोज पाठवायचे. ही घरची म्हणून जंतू वाढवायच्या प्लेटवर घातली. रिपोर्ट आला, 'नॉर्मल फ्लोरा', म्हणजे घशात एरवीही राहणारे जंतू. भावोजींनी एवढंच वाचलं, "नॉर्मल! बघ, गोळी लागू पडली."

स्वॅबच्या पीसीआरमध्ये, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीत, इन्फ्लुएन्झा ए हा फ्लूचा व्हायरस निघाला. फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी. ते तास अझिथ्रोमायसिनच्या पाकिटात गेले. ताप उतरला तो आपणहून. फ्लूचा बहुधा असाच उतरतो. भावोजींना हे अजून पटलेलं नाही.

आता तुमचं. घरबसल्या ओळखायची खात्रीची खूण नाहीच. सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन, खूप वाढलं तर बॅक्टेरियाचा संशय बळावतो, पण अडेनोव्हायरसमध्येही ते वाढतं. पीसीआरही देववाणी नव्हे. राइनोव्हायरस धडधाकट माणसाच्या नाकातही सापडतो, न्यूमोनियाचा बॅक्टेरिया न्यूमोकोकसही. मायकोप्लाझ्मा या बॅक्टेरियाला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे तो ग्राम स्टेनवर (बॅक्टेरिया रंगवून पाहायची पद्धत) दिसत नाही आणि पेनिसिलिनला दादही देत नाही. बेडका द्यायचाच तर सकाळी, साध्या पाण्याने चूळ भरून, छातीतून खोकून, आणि अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी. फेस आणू नका, हात जोडते.

हां, याचा अर्थ अँटिबायोटिक कधीच नको असा घेऊ नका. फ्लू उतरून दोन-चार दिवसांनी पुन्हा ताप चढला, धाप लागली, छातीत दुखलं, तर वर बॅक्टेरियल न्यूमोनिया झालेला असू शकतो. तेव्हा सॅम्पलसाठी खोळंबू नका, थेट हॉस्पिटल गाठा. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर टीबीची तपासणी करा.

सासूबाईंच्या फाइलमध्ये तो 'नॉर्मल' रिपोर्ट अजून आहे. भावोजी दर चवथीला त्याची आठवण काढतात, आणि खाली सही माझी.